कॉमिक-कॉनचा बॅज भेट द्यायचा असेल, तर आधी ज्याला द्यायचा त्याला सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा लहानपणापासून कॉमिक्सवेडा, डिसेंबरात त्याची चाळिशी, आणि पुढच्या जुलैतल्या सॅन डिएगो कॉमिक-कॉनची, म्हणजे कॉमिक्सच्या त्या मोठ्या मेळ्याची, चारही दिवसांची तिकिटं त्याला पत्ता लागू न देता घेऊन पाकिटात घालून द्यायची आहेत. तुम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातच, इर्व्हाइनला राहता, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. तिकिटं कुठून घ्यायची, हातची जाऊ नयेत म्हणून काय करायचं आणि मुलीला तिकीट लागतं का, हे तुम्हाला हवं आहे.

मी अनेक वर्षं या मेळ्याला जातो आणि दर विक्रीच्या वेळी मित्रमंडळींच्या खरेदी-गटाचा तक्ता सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतो: ही भेट देता येते आणि ती फार सुंदर भेट आहे. पण नवऱ्याला अजिबात न सांगता ती देता येत नाही. संपूर्ण गुपित ठेवण्याचा हट्ट धरणारेच इथे सगळ्यात जास्त अडकताना मी पाहिले आहेत.

कारण मुळात हे तिकीटच नाही. कॉमिक-कॉनला बॅज असतो आणि तो एका माणसाच्या नावावर असतो. त्यावर नाव छापलेलं असतं, आत चिप असते, दारातून आत जाताना आणि बाहेर पडताना तो टेकवावा लागतो. तो विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, नाव बदलून मिळत नाही. नाटकाची दोन तिकिटं काढून ठेवली आणि ऐन वेळी ठरवलं कोणी जायचं, असं इथे चालत नाही. कोण जाणार हे खरेदीच्या क्षणीच ठरलेलं लागतं.

आणि खरेदीच्या क्षणी त्या माणसाचा मेंबर आयडी हातात लागतो. हे आयोजकांच्या संकेतस्थळावर उघडायचं मोफत खातं. प्रत्येक माणसाचं एकच, आणि प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल पत्ता हवा. विकत घेताना तुम्हाला नवऱ्याचा आयडी आणि आडनाव टाकावं लागतं आणि दोन्ही त्यांच्या नोंदीशी जुळावं लागतं. नवीन खातं उघडायला विक्रीच्या बरीच आधी एक शेवटची तारीख असते. ती उलटली की त्या वर्षीच्या विक्रीत ते खातं कामाचं नाही. म्हणजे विक्रीच्या सकाळी उठून नवऱ्यासाठी खातं उघडू, हा बेत जमणारा नाही.

इथे बऱ्याच जणींना एक युक्ती सुचते: नवऱ्याच्या नावाने एक नवा ईमेल काढायचा आणि गुपचूप खातं उघडायचं. कृपया हे करू नका. तुमचा नवरा लहानपणापासूनचा चाहता आहे. त्याने कधीतरी, कदाचित नोकरीला लागल्या लागल्या, स्वतःच खातं उघडून ठेवलेलं असण्याची शक्यता दाट आहे. एकाच माणसाची दोन खाती नियमात बसत नाहीत. आणि समजा नव्या खात्यावर बॅज मिळालाच, तरी पुढे टपालाचा पत्ता, आयोजकांच्या सूचना, मर्यादित वस्तूंच्या सोडती, सगळं त्याच खात्यावर येत राहतं. ते त्याच्या हातात नसेल तर त्याची भेट तुम्हालाच महिनोन्महिने चालवत बसावी लागेल.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. त्याला एवढंच सांगा: "या वर्षी कॉमिक-कॉनसाठी प्रयत्न करून बघू या, तुझा आयडी काढून ठेव, मीही माझा काढते." चाहत्याला हे ऐकूनच आनंद होतो, आणि त्यात वाढदिवसाचा वास येत नाही. बॅज मिळाला की नाही, कोणत्या दिवसांचा मिळाला, हॉटेलचं काय झालं, हे सगळं तुम्ही पोटात ठेवू शकता. अर्थात तो स्वतः खात्यात डोकावला तर त्याला कळेल. पण "नाही मिळाला या वेळी" म्हटल्यावर सहसा कोणी लगेच तपासायला जात नाही.

खातं उघडताना, किंवा जुनं असेल तर तपासताना, नावाकडे नीट बघा. आपल्या लोकांच्या बाबतीत ही खरी अडचण आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. काहींच्या पासपोर्टावर तीनही नावं एकाच रकान्यात गेलेली असतात, काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि मग इथल्या लायसन्सवर भलतंच काहीतरी छापून येतं. मेंबर आयडीवरचं नाव फोटो ओळखपत्राशी जुळायला हवं, आणि त्यातलं आडनाव कोणतं हे तुम्हाला अक्षरानिशी माहीत हवं. विक्रीच्या वेळी घड्याळ पळत असताना "आडनाव जुळत नाही" असं लाल अक्षरांत दिसलं की माणूस गांगरतो. ते आधीच एका कागदावर लिहून ठेवा. त्याचा पासवर्ड चालतो ना, हेही त्याला बघायला सांगा. जुन्या कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं खातं ही नेहमीची डोकेदुखी आहे.

एवढी ओढाताण कशासाठी, असं वाटेल. 21 मार्च 1970 ला सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात एका दिवसाचा छोटा मेळावा झाला, तिथून हे सुरू झालं. त्याच ऑगस्टमधल्या तीन दिवसांच्या पहिल्या खऱ्या अधिवेशनाला सुमारे 300 माणसं होती. आज 1,30,000 हून जास्त येतात. 1991 पासून हा मेळा समुद्रकाठच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो, आणि त्या इमारतीत सुरक्षितपणे जेवढी माणसं मावतात त्याहून जास्त बॅज विकता येत नाहीत. चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे. मागणी वाढली म्हणून किंमत आभाळाला भिडवायची, असं तिने केलेलं नाही. त्यामुळे बॅज पैशांच्या जोरावर मिळत नाही, नशिबाने मिळतो. भेट देणाऱ्याने ही गोष्ट मनाशी पक्की बांधावी: तुमची तयारी चोख असूनही हात रिकामे राहू शकतात.

विक्री दोन टप्प्यांत होते. आधी रिटर्निंग रजिस्ट्रेशन, म्हणजे मागच्या मेळ्याला पैसे भरून आलेल्यांसाठी. मग ओपन रजिस्ट्रेशन, म्हणजे वेळेत खातं उघडलेल्या सगळ्यांसाठी. अलीकडच्या वर्षांत हे दोन्ही आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत होत आले आहेत, म्हणजे जुलैच्या मेळ्याचा निकाल डिसेंबरच्या आत लागलेला असतो. तुमच्या दृष्टीने हे उत्तम आहे. वाढदिवसाला तुमच्या हातात काहीतरी पक्कं असेल. पण तारीख फार आधी जाहीर होत नाही. आयोजकांचा ईमेल येतो आणि त्यांच्या संकेतस्थळावरच्या ‘टूकन’ या सदरात ती झळकते. त्यांचे ईमेल स्पॅममध्ये जात नाहीत ना, हे आत्ताच बघून ठेवा.

विक्रीच्या दिवशी काय होतं ते समजून घ्या, कारण इथे आपली सवय आड येते. आपल्याला रेल्वेच्या तत्काळची सवय: दहाच्या ठोक्याला जो आधी बोट दाबेल त्याचं तिकीट. इथे तसं नाही. विक्री सुरू होण्याआधी एक आभासी वेटिंग रूम उघडते. ती उघडी असेपर्यंत जो कोणी आत आला, तो पहिला असो की शेवटचा, सगळे सारखे. विक्री सुरू झाली की संगणक आतल्यांमधून यदृच्छेने क्रम लावतो. पहाटे उठून बसण्याने काही साधत नाही. मात्र विक्री सुरू व्हायच्या आधी तुम्ही आत असायलाच हवं. मी लोकांना सांगतो, वेटिंग रूम उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी शांतपणे जा, आणि एकदा आत गेलात की पानाला हात लावू नका. रिफ्रेश करू नका, तोच आयडी दुसऱ्या यंत्रावर उघडू नका, लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सोय करा.

वेग कामाचा नाही, मग कामाचं काय? माणसं. ज्याचा क्रम लागतो त्याला स्वतःसह तिघांचे बॅज घेता येतात. यातच सगळी मेख आहे. तुम्ही एकट्या बसलात तर एकच संधी. तुम्ही आणि नवरा दोघं आपापल्या आयडीने, आपापल्या यंत्रावर बसलात तर दोन, आणि ज्याचा आधी लागेल तो दोघांचं घेणार. ओळखीत आणखी दोन-चार चाहते असतील तर गट करा. एक सामायिक तक्ता बनवा: नाव, आडनाव जसं नोंदलं आहे तसं, आयडी, कोणते दिवस हवेत आणि नाही मिळाले तर कोणते चालतील. हा शेवटचा रकाना लोक विसरतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण आत शिरलेल्या माणसाला फोन करून विचारायला वेळ नसतो. ज्याने ज्याचा बॅज घेतला त्याने तत्क्षणी तक्त्यात खूण करायची. नाहीतर दुसरा कोणी त्याच माणसाची माहिती टाकत बसतो, यंत्रणा ती नाकारते आणि तिसऱ्याची संधी वाया जाते. पैसे कोण कोणाला कसे परत करणार हेही आधीच बोला. मैत्रीत अवघड वाटतं, पण नंतर जास्त अवघड वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, नवराच विक्रीला बसला तर गुपित कसलं? गटात हे सहज जमतं. त्याला सांगा की तुला ऑफिसची मीटिंग आहे ना, तू राहू दे, आम्ही बघतो. त्याची एक संधी जाते, पण गटात चार-पाच जण असतील तर ते परवडतं. तुम्ही दोघंच असाल तर मात्र मी गुपितावर पाणी सोडेन आणि दोघांनाही बसायला सांगेन. मिळालेला बॅज कळून झालेला आनंद हा न मिळालेल्या बॅजच्या गुपितापेक्षा केव्हाही मोठा.

चारही दिवसांचा आग्रह सैल करा. मेळा गुरुवार ते रविवार. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी मेळ्याची झलक दाखवणारी प्रिव्ह्यू नाइट असते. ती फक्त चारही दिवस घेणाऱ्यांनाच मिळते आणि ती सगळ्यात आधी संपते. त्यामागोमाग बहुधा शनिवार, मग शुक्रवार जातो. गुरुवार आणि रविवार जरा उशिरापर्यंत टिकतात. तुमचा क्रम उशिरा लागला आणि पडद्यावर फक्त रविवार उरलेला दिसला, तर "छे, एकच दिवस" म्हणून मागे फिरू नका. घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एक दिवससुद्धा पुरून उरतो, आणि पैसे भरून एक दिवस गेलेला माणूसही पुढच्या वर्षी रिटर्निंग रजिस्ट्रेशनला पात्र ठरतो. म्हणजे या वर्षीचा रविवार पुढच्या वर्षी दोन संधी देतो. तुम्हीही त्याच्याबरोबर स्वतःच्या बॅजवर गेलात, तर घरात अशी दोन पात्र माणसं होतात.

पैशांचं सांगायचं तर चारही दिवस आणि प्रिव्ह्यू नाइट मिळून एका प्रौढ माणसाला तीनशे डॉलरच्या वर लागतात. सुटे दिवस त्या प्रमाणात, रविवार सगळ्यात स्वस्त. 13 ते 17 वयाच्या मुलांना, लष्करातल्या लोकांना आणि साठीपुढच्यांना सवलत असते. कार्ड समोर ठेवा. मोठी रक्कम अडवू नये म्हणून बँकेला आधी कळवलेलं बरं.

खरा खर्च हॉटेलचा. मेळ्याच्या आठवड्यात शहराच्या मध्यभागातल्या खोल्यांचे भाव बघून बरेच जण बेत सोडून देतात. आयोजक ठरावीक हॉटेलांतल्या खोल्या सवलतीत देतात, पण त्यांचीही वेगळी विक्री असते आणि तिथेही झुंबड असते. तुम्हाला मात्र यातून सुटका आहे. इर्व्हाइनहून ॲमट्रॅकची पॅसिफिक सर्फलायनर गाडी साधारण दोन तासांत सॅन डिएगोच्या सांता फे डेपोला पोचवते. तिथून कन्व्हेन्शन सेंटर चालत जाण्यासारखं आहे, नाहीतर ट्रॉली, म्हणजे शहरातली छोटी रेल्वे आहे. एकच खबरदारी घ्या: सॅन क्लेमेंटेजवळ किनाऱ्याची दरड घसरून हा लोहमार्ग गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बंद पडला आहे, तेव्हा निघायच्या आधी गाडी धावते ना ते बघा. आणि गाडी घेऊन जायचं असेल तर सेंटरजवळ पार्किंग शोधायच्या भानगडीत पडू नका. दूरच्या ट्रॉली स्थानकावर गाडी लावा आणि ट्रॉलीने या.

बॅज हाती लागला की भेटीचं पाकीट सजवायला खरी मजा आहे, कारण प्रत्यक्ष बॅज टपालाने मेळ्याच्या थोडा आधी येतो, डिसेंबरात तुमच्याकडे फक्त पावती असेल. ती छापून तशीच देऊ नका. नवऱ्याला या मेळ्यातलं काय आवडेल याचा विचार करून काहीतरी हाताने लिहा. चाहते एकाच जातीचे नसतात. एकाला हॉल एच हवा असतो, जिथे मोठमोठ्या सिनेमांचे कलाकार येतात. त्या सभागृहात सहा हजारांहून जास्त माणसं बसतात, तरी लोक आदल्या दिवसापासून रांगेत असतात, आणि एक कार्यक्रम संपला म्हणून सभागृह रिकामं करत नाहीत. आत बसलेला माणूस दिवसभर बसू शकतो. दुसऱ्याला यातलं काहीच नको असतं. तो आर्टिस्ट्स ॲलीत चित्रकारांच्या टेबलांपुढून हलत नाही, जुन्या अंकांची खोकी धुंडाळतो, आणि शुक्रवारी रात्री आयस्नर पुरस्कारांना जाऊन बसतो. कॉमिक्समधला हा मानाचा पुरस्कार 1988 पासून दिला जातो. तुम्ही "कॉमिक्सवेडा" हा शब्द वापरलात, सिनेमावेडा नाही, म्हणून मला वाटतं तुमचा नवरा या दुसऱ्या गटातला असावा. तसं असेल तर त्याला शनिवार नाही मिळाला तरी तो मुळीच हिरमुसणार नाही.

आता नाहीच मिळाला तर. पहिली गोष्ट, कुणाकडूनही ऑनलाइन "जास्तीचा बॅज" विकत घेऊ नका. मेच्या सुमाराला असे विक्रेते उगवतात, शब्दात गोडवा असतो, कधी बॅजचा फोटोही पाठवतात. बॅज हस्तांतरित होत नाही म्हटल्यावर तो विकणारा माणूस एक तर तुम्हाला फसवतोय, नाहीतर तुम्हाला दुसऱ्याच्या नावाने आत जायला सांगतोय. दारात पकडलं गेलं तर बॅज जप्त, पैसे गेलेले, आणि चाळिशीची आठवण ही.

त्यापेक्षा वंडरकॉन बघा. हे त्याच संस्थेचं वसंत ऋतूतलं अधिवेशन, 1987 मध्ये ओकलंडला सुरू झालेलं आणि आता ॲनाहाइमला भरणारं, म्हणजे तुमच्या अगदी दारात. तिथले बॅज मिळवायला इतकं झगडावं लागत नाही, गर्दी सोसवण्यासारखी असते, आणि चित्रकाराशी दोन मिनिटं निवांत बोलता येतं. मनापासून सांगतो, कॉमिक्सच्या वाचकाला वंडरकॉन अनेकदा जास्त समाधान देतं. डिसेंबरातल्या वाढदिवसानंतर ते काही महिन्यांतच येतं, हेही चांगलं.

शिवाय जुलैच्या त्या आठवड्यात बॅज नसतानाही सॅन डिएगोला जाण्यात अर्थ आहे. कन्व्हेन्शन सेंटरसमोरच्या गॅसलॅम्प क्वार्टरमध्ये आणि आसपास स्टुडिओ आणि वाहिन्या आपापले देखावे, खेळ, प्रदर्शनं उभारतात. त्यातली बरीच बॅजशिवाय सर्वांना खुली असतात, आणि रस्त्यावरची वेशभूषा केलेली माणसं बघण्यातच दिवस जातो. बाल्बोआ पार्कमध्ये कॉमिक-कॉन म्युझियम आहे, 2021 मध्ये उघडलेलं. ते मात्र वर्षभर कधीही बघता येतं.

राहिली मुलगी. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना पैसे भरलेल्या मोठ्या माणसाबरोबर मोफत प्रवेश असतो. तिच्यासाठी ऑनलाइन विक्रीत धडपडायची गरज नाही, तिची नोंदणी मेळ्याच्या जागीच होते. पण तिच्यासोबत कोणीतरी स्वतःच्या बॅजवर आत असायला हवं, आणि दिवसभर तिला बघणारा एकटा नवराच असेल तर त्याची भेट तिथेच संपली. म्हणून विक्रीत तुमचा स्वतःचा बॅजही घ्या, निदान रविवारचा. रविवारी लहान मुलांसाठी खास कार्यक्रम असतात आणि त्या दिवशी तिला नेणं सगळ्यात सोयीचं. आत लोकलच्या गर्दीसारखी रेटारेटी होते, तेव्हा तिच्या हातावर तुमचा फोन नंबर लिहा, कान झाकायला काहीतरी ठेवा, आणि दुपारी एकदा बाहेर काढून मागच्या बाजूला खाडीकाठी बसवा. तेवढ्या वेळात नवऱ्याला आर्टिस्ट्स ॲलीत एकट्याला सोडा.